कोयनेच्या पाण्यात जेट स्की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापोळा, बामणोली आणि मुनावळे इथे येणारे पर्यटक, घाटावर जेट स्की चालवणारी मुलं आणि स्वतःचं यंत्र ट्रेलरवर घालून आणणारे हौशी लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नुसतं बसणाऱ्यांसाठी आहेत, मधले चालवणाऱ्यांसाठी आणि शेवटचे यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे बदलतात. तसं झालं तर तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेतला आकडा धरा.

१. जेट स्कीला बोटीसारखा बाहेर पंखा असतो का? ती चालते कशावर?

बाहेर पंखा नसतो. तळाला जाळी असते. तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, आतला इम्पेलर (पात्यांचं फिरतं चाक) ते दाबतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो. हँडल वळवलं की हे मागचं तोंड, म्हणजे नॉझल, डावी-उजवीकडे फिरतं. पाण्याचा हा झोतच यंत्राला पुढे ढकलतो आणि वळवतो. इंजिन किंवा एक्झॉस्ट थंड ठेवायलाही याच पंपातलं पाणी वापरलं जातं. पुढचे निम्मे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

'जेट स्की' हे मुळात कावासाकीच्या यंत्राचं नाव. यामाहाची 'वेव्हरनर' असते आणि 'सी-डू' ही बीआरपीची. आपल्याकडे सगळ्यांनाच जेट स्की म्हणतात.

२. मला पोहता येत नाही. बसलं तर चालेल का?

चालेल, पण लाइफ जॅकेट घालूनच आणि चालवणाऱ्याच्या मागे बसून. स्वतः चालवू नका. बसण्याआधी चालवणाऱ्याला स्पष्ट सांगा, 'दादा, मला पोहता येत नाही.' हे सांगायला बरेच जण लाजतात, आणि समोरचा हौसेनं गरकन वळण घेतो. कमरेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर बसू नका. लाटेवर आपटताना मणक्याला बसणारा दणका बाहेरून दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

लहान मुलांसाठी एकच कसोटी: सीटवर बसल्यावर दोन्ही पाय खालच्या फळीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर मुलाला बसवू नका. मुलाला चालवणाऱ्याच्या पुढ्यात, हँडलजवळ, कधीही बसवायचं नाही.

३. लाइफ जॅकेट बरोबर बसलंय हे कसं ओळखायचं?

सगळी बकलं लावा, पट्टे ओढा आणि कुणाला तरी दोन्ही खांद्यांजवळ धरून जॅकेट वर उचलायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाईल. बारीक माणसाला मोठं जॅकेट देऊन पट्टा आवळणं हा उपाय नव्हे, माप बदला. फोम दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, शिलाई उसवली असेल किंवा एकही बकल तुटलं असेल, तर ते जॅकेट परत करा आणि दुसरं मागा.

४. कपडे कोणते घालावेत? मागे बसणाऱ्यानं वेगळी काळजी घ्यायची असते का?

असते. सुरुवातीचा झटका बसला की मागचा माणूस सरळ मागे, झोताच्या तोंडासमोर पडतो. त्या दाबाचं पाणी गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून आत शिरलं तर आतड्यांना आणि आतल्या अवयवांना गंभीर इजा होते. नुसत्या स्विमसूटनं किंवा पातळ चड्डीनं संरक्षण मिळत नाही. जाड वेटसूटची पँट सर्वात चांगली. ती नसेल तर निदान जाड, घट्ट, गुडघ्यापर्यंतची पँट घाला. मागच्यानं पुढच्याच्या कमरेला धरायचं, आणि तो 'बसलो' म्हणेपर्यंत पुढच्यानं रेस द्यायची नाही.

ओढणी, साडीचा पदर, दुपट्टा आणि मोकळे केस घेऊन बसू नका. यंत्र सुरू असताना पाण्यात उतरून मागे किंवा तळाशी गेलात, तर यातलं काहीही जाळीतून आत ओढलं जातं. चष्म्याला मागून दोरी लावा.

५. मनगटाला बांधतात ती गुंडाळीची दोरी कशासाठी?

ती किल कॉर्ड. तुम्ही पडलात की तिचं टोक स्विचमधून निघतं आणि इंजिन बंद होतं. दोरी नसेल तर माणूस पाण्यात आणि यंत्र पुढे, कुणाच्याही अंगावर. दोरी मनगटाला किंवा जॅकेटच्या कडीला अडकवायची, हँडलला गुंडाळून ठेवायची नाही. भाड्याच्या यंत्रांवर ही दोरी उन्हानं कडक होते आणि तिचा ताण जातो. रोज सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की दोरी एकदा ओढून बघा. इंजिन त्याच क्षणी बंद व्हायला हवं.

६. समोर काही आलं म्हणून रेस सोडून हँडल वळवलं, तरी ती सरळच गेली. बिघाड आहे का?

बिघाड नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. जेट स्कीच्या बहुतेक धडकांचं मूळ इथेच असतं, म्हणून हे उत्तर लांब आहे.

गाडी चालवणाऱ्याच्या अंगात एक सवय भिनलेली असते: संकट दिसलं की आधी गॅस सोडायचा. जेट स्कीवर रेस सोडली की झोत थांबतो, आणि झोत थांबला की वळवणारी शक्तीच जाते. हँडल पूर्ण फिरलेलं असलं तरी नॉझलमधून पाणी जात नसल्यामुळे यंत्र आधीच्याच दिशेनं घसरत जातं. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला १६ मीटरपेक्षा जास्त अंतर कापतं. ताशी ८० च्या वेगात रेस सोडून नुसतं थांबायची वाट बघितली, तर थांबेपर्यंत नव्वद-शंभर मीटर जातात.

म्हणून चुकवायचं असेल तेव्हा रेस थोडी कमी करा पण चालू ठेवा, हँडल वळवा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. काही नव्या मॉडेलांत रेस सोडून हँडल पूर्ण वळवलं की इंजिन आपोआप थोडा वेग ठेवतं. त्यानं मदत होते, पण त्या भरवशावर अंतर कमी करू नका.

ही सवय सांगून लागत नाही. नव्या माणसाला उघड्या पाण्यात एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन दोरी आणि वजन बांधून तरंगता ठेवा आणि ताशी २०, मग ३० च्या वेगानं त्याच्याकडे येऊन चुकवायला सांगा. पहिल्या दोन-तीन वेळा तो रेस सोडतो आणि कॅनवरूनच जातो. दहाव्या वेळी हात आपोआप रेस धरून ठेवतो. तोवर त्याच्या मागे पर्यटक बसवू नका.

७. आमच्या मॉडेलला ब्रेक आहे. मग ही भीती नाही ना?

कमी आहे. सी-डूची आयबीआर आणि यामाहाची राइड ही पद्धत नॉझलमागे एक बकेट, म्हणजे वाटीसारखी झडप, खाली आणून झोत उलट फिरवते, म्हणून थांबायला बरंच कमी अंतर लागतं. पण तिलाही झोत लागतो. इंजिन बंद पडलं किंवा किल कॉर्ड निघाली, तर ब्रेकही गेला. आणखी एक गोष्ट: तुम्ही ब्रेक मारता तेव्हा मागून येणाऱ्याच्या जेट स्कीला ब्रेक असेलच असं नाही. साध्या मॉडेलवर रिव्हर्सचा दांडा ब्रेक म्हणून वेगात ओढू नका. लिंकेज (दांड्याला जोडणाऱ्या सळ्या) वाकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

८. समोरून लाँच किंवा तराफा आला तर कुणी बाजू द्यायची?

समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. वाट छेदत असेल तर जो तुमच्या उजव्या हाताला आहे त्याला आधी जाऊ द्या. मागून पुढे जाणाऱ्यानं पुढच्यापासून लांबून जायचं.

कोयनेत याच्या वर एक नियम ठेवा: गाड्या आणि माणसं नेणारा तराफा आणि प्रवासी लाँच यांना नेहमीच वाट द्यायची. त्यांना पटकन वळता येत नाही, आणि गावकऱ्यांचा तो रोजचा रस्ता आहे. त्यांच्यापासून, घाटापासून आणि पोहणाऱ्यांपासून किमान ५० मीटर लांब राहा. त्याच्या आत यावंच लागलं तर चालण्याच्या वेगानं या. वासोट्याला निघालेल्या भरल्या बोटीशेजारून लाट उठवत जाणं हा खेळ नव्हे, बोट उलटवायचा तो रस्ता आहे.

९. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कुठे चालवावी?

शिवसागर हा कोयना धरणामागचा, १९६० च्या दशकात भरलेला जलाशय आहे. त्याच्या तळाशी जुनी शेतं, बांध, घरांची जोती आणि झाडांचे बुंधे आहेत. दिवाळीला ते खोल असतात, आणि वीज व सिंचनासाठी पाणी उतरत गेलं की मार्च ते मेमध्ये वर येतात. सर्वात धोकादायक बुंधा पाण्याखाली वीतभर असलेला, कारण तो दिसतच नाही. गेल्या आठवड्यात जिथून गेलात तिथून या आठवड्यात जाता येईलच असं धरू नका.

जुन्या नदीपात्राच्या मधल्या खोल पट्ट्यात राहा. काठानं जाणार असाल तर हळू. घाटावरच्या होडीवाल्या काकांना रोज सकाळी विचारा, कुठे काय उघडं पडलंय ते. त्यांना नकाशापेक्षा जास्त माहिती असते. वारा नसेल तेव्हा सपाट पाण्यावर एकाच जागी उठणारी बारीक चुणी दिसली, तर तिथे खाली काही तरी आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव उठतो. ढग काळे दिसले किंवा गडगडाट ऐकू आला की लगेच काठ धरा, पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका.

१०. काठावरूनच सुरू केली तर काय होतं?

गाळ आणि खडे आत जातात. किमान ६० सेंटिमीटर, आणि बऱ्याच मॉडेलांना ९० सेंटिमीटर पाणी लागतं, तेही माणसं बसल्यावर जाळीच्या खाली मोजून. म्हणजे तुमच्या कमरेइतक्या पाण्यापर्यंत यंत्र हातानं ढकला आणि तिथे सुरू करा. परत येतानाही तिथेच इंजिन बंद करा. काठापर्यंत रेस देत येणारा दर फेरीला पंपाचं आयुष्य थोडं थोडं खरवडत असतो (प्रश्न ११ बघा).

११. इंजिनाची रेस वाढते, आवाज चढतो, पण वेग येत नाही. काय झालं?

पंपाची पकड सुटली आहे. कारणं या क्रमानं तपासा.

पहिलं, जाळीत काही अडकलंय का. केंदाळ, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी, कुरकुऱ्यांचं पाकीट. इंजिन बंद करा, किल कॉर्ड काढून स्वतःच्या हातात ठेवा, मगच तळाशी हात घाला. दोरी इम्पेलरच्या शाफ्टला गुंडाळली असेल तर ओढू नका, काठावर आणून कापून काढा.

दुसरं, इम्पेलरची पाती. बाहेरची कड बोटानं चाचपा. खडा गेला असेल तर कडेला दात पडलेले लागतात. असा इम्पेलर बसल्या जागीच पाण्यात बुडबुडे तयार करतो आणि पकड सोडतो.

तिसरं, वेअर रिंग. इम्पेलर ज्या कड्यात फिरतो त्याची आतली भिंत गाळानं झिजते. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पातं आणि भिंत यांतलं अंतर चारी बाजूंनी मोजा. नव्या पंपात ते साधारण ०.३ मिलिमीटर असतं. ०.६ च्या वर गेलं तर रिंग बदला. नुसता इम्पेलर बदलून जुनी रिंग ठेवली, तर पैसे गेले आणि वेग आलाच नाही असं होतं.

चौथं, पंप आणि हल (यंत्राचं बाहेरचं धड) यांच्यामधलं सील. तिथून हवा शिरली तरी हीच लक्षणं दिसतात.

१२. उलटली तर सरळ कशी करायची?

मागच्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर कोणत्या दिशेनं फिरवायची त्याचा बाण आहे. त्याच दिशेनं फिरवा. उलट फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात जातं. किल कॉर्ड काढा, मागे जा, तळाची जाळी हातानं धरा, पाय कडेच्या पट्टीवर ठेवा आणि अंगाच्या वजनानं ओढा. मग मागून, मधोमध, एकेकानं चढा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ उलटी राहिली असेल तर स्टार्टर दाबू नका (प्रश्न १३).

१३. इंजिनात पाणी गेलं. स्टार्टर मारल्यावर 'टक्' होऊन थांबतं.

पुन्हा मारू नका. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन अडतो आणि जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. काठावर आणून हलमधलं पाणी काढा. कॉइल आणि स्पार्क प्लग काढा, कॉइलच्या वायरी ठिणगी पडणार नाही अशा लांब ठेवा. रेस पूर्ण दाबून धरा आणि चार-पाच सेकंद स्टार्टर फिरवा. प्लगच्या भोकांतून पाण्याचे फवारे उडतात, तेव्हा तोंड वर नेऊ नका. पाणी यायचं थांबेपर्यंत हे करा.

मग डिपस्टिक बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. ऑइल आणि फिल्टर बदला, थोडा वेळ चालवा, पुन्हा बघा. रंग स्वच्छ होईपर्यंत दोन-तीन वेळाही बदलावं लागतं. हे सगळं त्याच दिवशी करा. 'उद्या सकाळी बघू' म्हटलं की रात्रीत सिलिंडरला आणि बेअरिंगला गंज धरतो.

१४. मध्येच बंद पडली तर ओढून आणताना काय जपायचं?

वेग. ताशी ८ किलोमीटरच्या वर जाऊ नका. त्यापेक्षा जोरात ओढलं तर पाणी कूलिंगच्या नळीतून आपोआप आत चढतं आणि बंद इंजिन भरतं. शक्य असेल तर कूलिंगची नळी चिमट्यानं दाबून घ्या, आणि सुरू करण्याआधी चिमटा काढायला विसरू नका. कोयना खोऱ्यात कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून शिट्टी जॅकेटला बांधलेलीच असू द्या आणि निघताना घाटावर कुणाला तरी परतीची वेळ सांगून जा.

१५. आम्ही गोड्या पाण्यात चालवतो. मग फ्लशिंग, म्हणजे नळाच्या पाण्यानं कूलिंग धुणं, कशाला?

मीठ नाही, पण गाळ आहे, आणि उन्हाळ्यात भरपूर आहे. तो कूलिंगच्या वाटांत बसतो आणि इंजिन तापतं. रोज संध्याकाळी फ्लश करा. कोकणात समुद्रात चालवून आणलेलं यंत्र असेल तर घाट चढायच्या आधीच करा.

क्रम चुकवू नका: आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. आधी नळ बंद, मग इंजिन बंद. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं, आणि प्रश्न १३ तुमच्या अंगणातच घडतो. साधारण तीन मिनिटं पुरतात. नळ बंद केल्यावर एक-दोनदा हलकी रेस देऊन उरलेलं पाणी बाहेर टाका आणि दहा-पंधरा सेकंदांत इंजिन बंद करा. सी-डूच्या इंजिनाला बंद कूलंट असतो म्हणून ती पाण्याबाहेर कितीही चालते, हा गैरसमज आहे. तिचा एक्झॉस्ट आणि शाफ्टचं सील पाण्यावरच थंड राहतं.

१६. सर्व्हिसिंग किती तासांनी?

नव्या यंत्राची पहिली दहा तासांनंतर बऱ्याच कंपन्या सांगतात. नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. भाड्यानं दिवसभर फिरणाऱ्या यंत्राचं ऑइल आणि फिल्टर ५० तासांना बदलावं असं आमचं मत आहे, कारण दर दहा मिनिटांनी नवा माणूस, सतत बंद-चालू आणि गाळाचं पाणी. ऑइल जास्त भरू नका. ते एअर बॉक्समध्ये (इंजिनाच्या हवेच्या डब्यात) चढतं. मोजताना यंत्र सपाट असावं. रिव्हर्सचं आणि स्टिअरिंगचं लिंकेज, शाफ्टचा निपल यांना पाण्यात टिकणारं मरीन ग्रीसच लावा.

१७. पेट्रोल किती न्यावं? ई-२० चालतं का?

तिसऱ्या हिश्शाचा हिशेब ठेवा: एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. पूर्ण रेसवर साधारण ११० हॉर्सपॉवरचं यंत्र तासाला ३० ते ४० लिटर पितं. त्यामुळे मोटारसायकलचा अंदाज इथे कामाचा नाही.

बऱ्याच कंपन्या जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल मान्य करतात, आणि आपल्याकडे पंपावर सर्रास ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. आधी तुमची पुस्तिका बघा. ती १० टक्केच म्हणत असेल तर इथेनॉल नसलेलं पेट्रोल पंपावर विचारून घ्या. ई-२० भरलेलं यंत्र महिनाभर उभं ठेवू नका. इथेनॉल ओलावा ओढतं आणि रबरी नळ्या, सील लवकर खराब होतात.

भरल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. सीट उघडून चार-पाच मिनिटं हवा खेळू द्या आणि वास घ्या. पेट्रोलची वाफ जड असते, ती हलच्या तळाशी साचते. वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत सुरू करायचं नाही.

१८. ट्रेलरवरून उतरवताना सर्वात जास्त काय विसरतं?

मागचे दोन ड्रेन प्लग. उतरवण्याआधी घट्ट लावा आणि बाहेर काढल्यावर उघडा. मेढ्याकडून किंवा महाबळेश्वरवरून उतरताना घाटातली वळणं तीव्र आहेत. पुढचा विंचचा पट्टा एकटा पुरत नाही, मागून दोन पट्टे आडवे आवळा.

१९. पावसाळ्यात यंत्र कसं ठेवायचं?

या खोऱ्यात पाऊस मिलिमीटरमध्ये चार-पाच हजारांवर जातो, आणि यंत्राचं नुकसान पाण्यापेक्षा बंद पडवीतला दमटपणा जास्त करतो. फ्लश करा, हल आतून कोरडा पुसा, सीट किंचित उघडी ठेवा म्हणजे बुरशी धरत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवाऱ्याचं तेल) फवारा. बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढा, बॅटरी घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. १२.४ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. एक्झॉस्टच्या तोंडात कापड कोंबा आणि हँडलला चिठ्ठी लावा, 'कापड काढा'. उंदरांचा बंदोबस्त करा. सप्टेंबरात सुरू न होणाऱ्या यंत्राची वायर बऱ्याचदा त्यांनीच कुरतडलेली असते.

२०. स्वतःची जेट स्की आणून शिवसागरात कुठेही उतरवता येते का?

नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, धरणाजवळचा भाग प्रतिबंधित आहे आणि बराच काठ कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. नदी-जलाशयातल्या यांत्रिक नौकांच्या नोंदणीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. हौसेसाठी आलेल्यांनी २०२४ पासून मुनावळ्याला सुरू झालेल्या जलपर्यटन केंद्रावरची किंवा बोट क्लबची परवानगी असलेली यंत्रंच वापरणं सोयीचं.

२१. सांगलीत कृष्णेत चालवता येईल का? महापुरात मदतीला उपयोगी पडेल?

एरवी कृष्णेत चालवू नका. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाणी उपशाचे पाइप, वाळू उपशाचे खड्डे, केंदाळ आणि भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या मगरी, सगळं एकाच पात्रात आहे.

महापुरात तर साध्या माणसानं जेट स्की पाण्यात घालूच नये. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी गावात शिरलेल्या पाण्यात उसाचं पाचट, वायरी, कुंपणाच्या तारा आणि चिंध्या वाहत असतात. ते जाळीत शिरलं की झोत बंद, आणि झोत बंद म्हणजे प्रश्न ६ प्रमाणे वळणंही बंद, तेही ओढीच्या पाण्यात. शिवाय एका खेपेला एक-दोन माणसंच येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली बोट उलटून जीव गेले. माणसं घाबरलेली असली की किनाऱ्यावरून एकदम चढतात, आणि अरुंद सीटच्या यंत्राला तो झोक बोटीपेक्षा लवकर पाडतो. मदत करायचीच असेल तर सपाट तळाची रबरी बोट आणि प्रशिक्षित पथकाबरोबर जा, आणि लाइफ जॅकेटांची संख्या मोजून तेवढीच माणसं बसवा.